साक्षीची घाई

पुणे शहरातील व उपनगरांतील आमच्या धर्मग्रामांत गेल्या काही वर्षांत एक प्रथा पाय रोवू लागली आहे. एखाद्या भगिनीची केमोथेरपी संपली की महिन्याभराच्या आत उपकारस्तुतीची मिस्सा लावली जाते. मिस्सेच्या शेवटी तिला ध्वनिक्षेपकासमोर उभे केले जाते आणि प्रभूने आपल्याला पूर्ण बरे केले अशी साक्ष तिच्याकडून घेतली जाते. टाळ्या पडतात, सभागृहात केक कापला जातो, छायाचित्रे निघतात. उपकार मानण्यास आमचा विरोध असण्याचे कारण नाही. उपकारस्तुती हा तर ख्रिस्ती उपासनेचा प्राण आहे. आमचा विरोध आहे तो त्या साक्षीला आणि तिच्यामागच्या घाईला. ती साक्ष बहुधा खरी नसते. देणारीला ते ठाऊक असते. ऐकणाऱ्यांना मात्र ते जाणून घ्यायचे नसते.

कारण टाळ्या पडतात त्याच सुमारास त्या भगिनीच्या हाती गोळ्यांची एक पट्टी आलेली असते. स्तनाच्या कर्करोगाचे सगळे प्रकार एकसारखे नसतात. पुष्कळ रुग्णांच्या गाठीतील पेशी स्त्रीशरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसलेल्या असतात. अशा रुग्णांना शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार यांपैकी जे ठरले असेल ते आटोपल्यावर हार्मोनचा उपचार सुरू होतो. नाव हार्मोनचे असले तरी ही गोळी हार्मोन देत नाही. त्याची वाट अडवते, किंवा त्याची निर्मिती घटवते. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रीला बहुधा टॅमॉक्सिफेन दिले जाते, पाळी कायमची थांबलेल्या स्त्रीला बहुधा लेट्रोझोल किंवा अनास्ट्रोझोल. रोज एक गोळी, निदान पाच वर्षे. २०१२ साली 'ॲटलास' या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टॅमॉक्सिफेन पाचऐवजी दहा वर्षे घेतल्यास रोग परतण्याचे प्रमाण आणखी घटते असे त्यांत दिसले, आणि तेव्हापासून काहींच्या वाट्याला दहा वर्षांचा क्रम येतो.

या लहानशा गोळीचे मोल थोडे नाही. अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून २०११ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात असे आढळले की, संप्रेरकावर पोसणाऱ्या या प्रकारात पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने पहिल्या पंधरा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. पण विज्ञान दुसरी गोष्टही तितक्याच स्पष्टपणे सांगते. पाच वर्षांचा क्रम पुरा केलेल्या स्त्रियांतही रोग परतण्याचा धोका वीस वर्षांपर्यंत रेंगाळत राहतो, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. म्हणून प्रामाणिक डॉक्टर या टप्प्यावर 'तुम्ही बऱ्या झालात' असे म्हणत नाही. 'आज रोगाची खूण दिसत नाही' असे म्हणतो. या दोन वाक्यांत जे अंतर आहे त्या अंतरात ही भगिनी पुढची पाच-दहा वर्षे राहणार असते. तिथे तिच्यासोबत कोण असते, हा आमचा प्रश्न आहे.

केमोचे दिवस भयंकर खरे, पण त्यांत एक आधार असतो. दर तीन आठवड्यांनी रुग्णालयात जायचे, परिचारिका नावाने ओळखते, डॉक्टर तपासतात, रक्ताचे अहवाल येतात. काहीतरी चालले आहे, शत्रूवर काहीतरी पडते आहे, असे वाटत राहते. घरी शेजारणी सूप आणून देतात, सिस्टर येऊन पवित्र कम्युनियन देतात, नणंद गावाहून येऊन स्वयंपाकघर सांभाळते. मग एके दिवशी डॉक्टर म्हणतात, आता तीन महिन्यांनी या. वास्तविक ही आनंदाची वार्ता. तरी कित्येक भगिनींनी आम्हांला सांगितले आहे की त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांना हायसे वाटले नाही, उलट कोणी हात सोडून दिल्यासारखे वाटले. पुढे केस उगवतात. आणि केस उगवले की डबे बंद होतात.

आता दुखणे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते नाही असे सगळ्यांनी ठरवलेले असते. आत मात्र गोळीचे काम चालू असते. अंगातून एकाएकी वाफा निघतात, भर थंडीत पंखा लावावा लागतो, रात्री दोनला झोप उडते. लेट्रोझोलसारख्या औषधांनी सांधे आखडतात, हाडे विरळ होऊ लागतात. सकाळी मूठ वळत नाही. पस्तिशीतली स्त्री पन्नाशीच्या तक्रारी सोसू लागते आणि त्याबद्दल नवऱ्याशीही बोलू शकत नाही. आणि या साऱ्याहून जड असते ते मनातले ओझे. तुमची-आमची पाठ दुखली तर आपण मलम चोळून झोपतो. तिची पाठ दुखली तर ती रात्रभर जागी असते, कारण हा रोग हाडांत उतरू शकतो हे तिने कुठेतरी ऐकलेले असते. खोकला आला, डोके दुखले, वजन दोन किलोंनी उतरले, प्रत्येक वेळी तोच प्रश्न. तपासणीची तारीख जवळ आली की आठवडाभर आधी जेवण जात नाही. घरचे म्हणतात, सगळ्या अंगाचे स्कॅनिंग एकदा करूनच टाकू, म्हणजे चिंता मिटेल. डॉक्टर नकार देतात, आणि त्यांचे बरोबर असते. तक्रार नसताना असे स्कॅनिंग उठसूट करण्याने आयुष्य वाढत नाही, चिंता मात्र वाढू शकते. नियमाने शरीराची तपासणी, वर्षाकाठी मॅमोग्राफी, आणि न जाणारी नवी तक्रार वेळेवर सांगणे, एवढेच तिच्या हाती असते. उरलेले सारे अज्ञात.

अशा स्त्रीला आपण व्यासपीठावर बोलावून 'मी बरी झाले' असे म्हणायला लावतो! त्या क्षणापासून तिची भीती बेकायदेशीर ठरते. जिने शंभर लोकांसमोर प्रभूच्या चमत्काराची साक्ष दिली तिने पुढच्या महिन्यात पाठदुखीचे नाव कोणत्या तोंडाने काढावे? आणि रोग परतलाच तर? तेव्हा तिला रोगाशी तर झुंजावे लागतेच, शिवाय आपल्या साक्षीची लाजही वाहावी लागते. 'तिची श्रद्धा कमी पडली असेल' असे म्हणणारे महाभाग आमच्या समाजात अजून आहेत. जी जिवंत राहिली तिने 'कर्करोगावर मात केली', तर जी गेली ती काय हरली? आमच्या धर्मग्रामांच्या दफनभूमींत ज्या शांतपणे विसावल्या आहेत त्या आयांना आणि बहिणींना हरलेल्या म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

हा उतावळेपणा केवळ आमचाच नव्हे, एवढे म्हणायला हवे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील एका मोठ्या कर्करोग रुग्णालयात १९९६ साली नौदलातील एका रुग्णाने पितळी घंटा बसवली. उपचार संपले की रुग्णाने ती वाजवायची. तो रिवाज जगभर पसरला आणि आपल्याकडच्या काही रुग्णालयांतही आला. ज्याला वाजवावीशी वाटते त्याने खुशाल वाजवावी. परंतु शेजारच्या खाटेवर अशीही एक स्त्री असते जिचे उपचार कधीच संपणार नाहीत, आणि तिलाही ती घंटा ऐकू येते.

आता कोणी म्हणेल, फादर, तुम्ही विज्ञानाची बाजू घेऊन चमत्कारांवर पाणी ओतता. उलट आहे. चमत्काराच्या बाबतीत आमच्या ख्रिस्तसभेइतकी सावध संस्था जगात दुसरी नसेल. लूर्ड्स येथे १८५८ साली पवित्र मरियेने दर्शन दिले. तेव्हापासून तेथे बरे झाल्याच्या सात हजारांहून अधिक नोंदी झाल्या; त्यांपैकी चमत्कार म्हणून ख्रिस्तसभेने मान्य केले ते सुमारे सत्तर. का? अठराव्या शतकात कार्डिनल लांबेर्तिनी यांनी, जे पुढे पोप बेनेडिक्ट चौदावे झाले, यासाठी कठोर कसोट्या घालून दिल्या. त्यांतील एक कसोटी अशी की बरे होणे टिकाऊ असले पाहिजे. व्हित्तोरियो मिकेली या इटालियन सैनिकाच्या कमरेच्या हाडाला कर्करोग होता. तो १९६३ साली लूर्ड्सच्या पाण्याने बरा झाला, आणि ख्रिस्तसभेने त्यावर मान्यतेची मोहोर उठवली ती १९७६ साली. देलित्सिया चिरोल्ली या सिसिलीच्या मुलीची कथाही तशीच: १९७६ साली बरी झाली, १९८९ साली मान्यता मिळाली. दोन्ही वेळा तेरा वर्षे! रोमची आणि लूर्ड्सची वैद्यकीय मंडळे जेथे तेरा वर्षे थांबतात तेथे आमच्या पॅरिश कौन्सिलला तेरा आठवडेही दम निघू नये?

शुभवर्तमानाकडे वळू. बेथसैदा येथील आंधळ्या मनुष्याची हकीकत संत मार्कने आठव्या अध्यायात सांगितली आहे. प्रभूने त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले आणि तुला काही दिसते का, असे विचारले. त्या मनुष्याने काय सांगितले? माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. म्हणजे अर्धेच दिसत होते, आणि अर्धेच दिसते असे त्याने सरळ सांगितले. प्रभूला बरे वाटावे म्हणून त्याने पूर्ण दृष्टीची साक्ष दिली नाही. प्रभूही रागावला नाही, तुझी श्रद्धा उणी आहे असे म्हणाला नाही. त्याने पुन्हा हात ठेवले. त्याहून लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की प्रभूने त्याला आधीच गावाबाहेर नेले होते, आणि शेवटी परत गावात जाऊ नको असे सांगून घरी पाठवले. बघ्यांची गर्दी नाही, टाळ्या नाहीत. केमो संपून गोळी सुरू झालेली आमची भगिनी त्या दोन हस्तस्पर्शांच्या मध्ये उभी आहे. तिला झाडेच दिसत असतील तर तिला झाडे म्हणू द्या.

अनिश्चितता म्हणजे अश्रद्धा, हे समीकरण कोणी शिकवले कोण जाणे. उद्याचे माहीत नसताना आज परमेश्वराचा हात धरणे यालाच तर श्रद्धा म्हणतात. उद्याची खात्री असलेल्याला श्रद्धेची गरजच काय?

याहून घातक प्रकार म्हणजे काही प्रार्थनासभांतून होणारे गोळीवरचे हल्ले. प्रभूने बरे केले आहे, मग औषध कशाला, औषध घेणे म्हणजे प्रभूवर अविश्वास, अशी भाषा कानांवर येते. अशी भाषा करणारा माणूस कोणत्या धर्मग्रंथाच्या आधारे बोलतो? बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय त्याने उघडून पाहावा. वैद्याचा मान राखावा, औषधे परमेश्वरानेच भूमीतून निर्माण केली आहेत आणि शहाण्याने ती तुच्छ लेखू नयेत, असा त्याचा आशय आहे. (आमच्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलात हा ग्रंथ नाही; कदाचित काही प्रवचनकारांनी त्यांच्याकडून उसने घेताना बायबलही उसने घेतले असावे.) एरवीही पाच वर्षांचा क्रम पुरा होण्याआधीच ही गोळी सोडून देणाऱ्या स्त्रिया जगभर पुष्कळ आहेत. त्रास सोसवत नाही, कंटाळा येतो, 'आता बरी आहे ना' असे वाटते. अशा डळमळत्या मनाला देवाच्या नावाने धक्का देणे ही साधी चूक नव्हे. त्याने जीव जाऊ शकतो.

पापनिवेदनाच्या जाळीपलीकडे नव्हे, पण मिस्सेनंतर आवारात, एक प्रश्न दबक्या आवाजात येतो म्हणून येथे उघड उत्तर देतो. ही हार्मोनची गोळी म्हणजे कुटुंबनियोजनाची गोळी तर नव्हे ना? ती घेणे पाप तर नाही ना? गंमत अशी की टॅमॉक्सिफेनचा जन्म तशाच शोधातून झाला. १९६२ साली इंग्लंडमध्ये आय. सी. आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या स्त्री-रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केले, तेव्हा कंपनीला संततिप्रतिबंधक हवे होते. त्या कामात ते साफ नापास झाले. पुढे १९७३ साली ब्रिटनमध्ये ते स्तनाच्या कर्करोगावरील औषध म्हणून मान्य झाले. राहिला नीतीचा प्रश्न. पोप पॉल सहावे यांचे १९६८ सालचे 'ह्युमाने व्हिते' हे परिपत्रक ज्यांना नावानेच माहीत आहे त्यांनी त्याचा पंधरावा परिच्छेद वाचावा. शरीराच्या रोगावर आवश्यक असलेला उपचार, त्यामुळे संततीस अडथळा येणार हे आधी दिसत असले तरी, तो अडथळा हाच हेतू नसेल तर निषिद्ध नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा गोळी घ्यावी, निर्धास्त मनाने घ्यावी. या औषधावर असताना गर्भ राहिल्यास त्याला इजा पोहोचू शकते, म्हणून तरुण जोडप्यांनी डॉक्टरांशी आणि धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावे. ज्यांना मूल हवे आहे त्यांनीही बोलावे. काही निवडक स्त्रियांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी काही काळ थांबवून मातृत्व स्वीकारले, आणि निदान पहिल्या काही वर्षांत त्यांना त्याचा अपाय झालेला दिसला नाही, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आढळले आहे. मात्र हा निर्णय स्वयंपाकघरात सासूने घ्यायचा नसतो.

सासूचे नाव निघालेच आहे तर घराबद्दलही लिहू. गोळ्यांची पट्टी कपाटात साड्यांच्या घडीखाली लपवणाऱ्या भगिनी आम्हांला ठाऊक आहेत. का लपवता? तर मुलीचे लग्न जमायचे आहे. ज्या समाजात आईच्या आजाराचा डाग मुलीच्या सोयरिकीवर पडतो, त्या समाजाने चर्चमध्ये टाळ्या वाजवून काय साधले? पुण्यात कर्करोगाची नोंदवही १९७३ सालापासून ठेवली जात आहे. या शहरातील स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग आज पहिला आहे. म्हणजे ही लपवायची गोष्ट उरलेली नाही. आमच्या प्रत्येक बाकड्यावर कोणाची ना कोणाची आई, मावशी, वहिनी आहे. आणि नवरोबांना एवढेच सांगणे की पत्नीचे केस वाढले म्हणजे तिचे बळ वाढले असे नव्हे. केमोच्या काळात तुम्ही चहा करायला शिकला होता. ते विसरण्याची घाई करू नका.

ख्रिस्तसभेकडे या टप्प्यासाठी साधने आहेत, ती आम्ही वापरत नाही एवढेच. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ सालीच सांगितले की रुग्णाभ्यंग हा केवळ मरणोन्मुखांचा संस्कार नव्हे, आणि १९७२ साली पोप पॉल सहावे यांनी त्याचा विधी नव्याने घालून दिला. तरीही आमच्याकडे फादर तेलाची कुपी घेऊन दारात आले की घरात रडारड सुरू होते. हा संस्कार केमोच्या आरंभीच घ्यावा. आजार बळावला तर पुन्हाही घेता येतो. गोळीच्या शांत वर्षांत, जेव्हा अभ्यंगाची अट पुरी होत नाही, तेव्हा रुग्णांना आशीर्वाद देण्याचा स्वतंत्र विधी आहे. दर तपासणीच्या आधी येऊन तो घेण्यास कोणाची हरकत आहे? फेब्रुवारीत तर तीन दिवस जवळजवळ येतात: ४ तारखेस जागतिक कर्करोग दिन, ५ तारखेस स्तनाच्या विकारांनी पीडितांची आश्रयदाती हुतात्मा संत आगाथा हिचा सण, ११ तारखेस लूर्ड्स मातेचा सण, जो पोप जॉन पॉल दुसरे यांनी जागतिक रुग्णदिन म्हणून ठरवून दिला व १९९३ सालापासून पाळला जातो. बांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचा अवयव वाहण्यास आमच्या बसगाड्या भरून जातात. त्या भक्तीला नावे ठेवण्याचे आम्हांला कारण नाही. पण त्याच श्रद्धेने एखाद्या मंगळवारी सकाळी शेजारणीसोबत रिक्षात बसून बाह्यरुग्ण विभागात तिच्या नंबराची वाट पाहत तीन तास बसायला किती जणी तयार आहेत?

आमच्या महिला मंडळाने आणि सेंट विन्सेंट दी पॉल संस्थेच्या सभासदांनी हे काम अंगावर घ्यावे अशी आमची सूचना आहे. तिला काय म्हणायचे असा प्रश्न पडत असेल तर 'आता सगळे ठीक ना?' हे वाक्य तेवढे टाळावे. त्याचे उत्तर 'हो' असेच द्यावे लागते. 'पुढची तपासणी कधी आहे?' असे विचारावे आणि ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. उपकारस्तुतीची मिस्सा लावायची तर जरूर लावावी. डॉक्टर, परिचारिका, डबे देणाऱ्या शेजारणी, आजवरचा प्रत्येक दिवस, यांसाठी उपकार मानण्यास कोणतीही साक्ष लागत नाही. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत, तिची इच्छा असेल तर, तिचे नाव गोळी चालू असेतो घ्यावे, पाच वर्षे तर पाच वर्षे. यादी लांबेल अशी तक्रार एका सभेत आमच्या कानी आली. लांबू द्या; वर्धापनदिनाच्या देणगीदारांची यादी वाचताना कोणी घड्याळ पाहत नाही.

आणि ज्या प्रार्थनासभेत औषध सोडण्याची भाषा होईल, तिला धर्मग्रामांच्या आवारात मंडप, ध्वनिक्षेपक आणि सभागृह देऊ नये, मग तिचा प्रवचनकार कितीही दूरवरून आलेला असो.